नाव आणि भाव

शिवाजी पेठेतील एखाद्या जैन व्यापाऱ्याच्या घरी बारशाची तयारी चालली आहे, असे समजावे. आजोबा वर्षापूर्वीच निवर्तले. त्यांचे नाव पारिसा. नातवाला तेच नाव मिळावे, अशी आजींची इच्छा. आईवडील मात्र शाळेत कोणी हसणार नाही असे, कानाला गोड लागणारे दोन अक्षरी नाव मोबाईलवर शोधत आहेत. त्या नव्या नावाचा अर्थ घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि ‘पारिसा’चाही येत नाही. अशी घरे आज पेठेपेठेत आढळतील.

वास्तविक ‘पारिसा’ हे तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांच्याच नावाचे कानडी वळणाचे रूप आहे. ‘पार्श्व’चे उत्तरेकडे ‘पारस’ झाले, कन्नड मुलुखात ‘पारिस’ झाले. राजस्थानातून आलेले पारसमल आणि पिढ्यान्‌पिढ्या पंचगंगेकाठी राहिलेले पारिसाअण्णा यांच्या नावांचे मूळ असे एकच आहे. ‘ऋषभ’ या नावाचेच ‘रिखबचंद’ झाले. ‘भरमू’ व ‘भरमाप्पा’ ही नावे ब्रह्मदेव या यक्षावरून आली. स्तवनिधी क्षेत्री त्याचे स्थान प्रसिद्ध आहे. ‘गोंडा’ म्हणजे कन्नड ‘गौडा’, अर्थात गावचा पाटील. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा होते. आचार्य शांतिसागर महाराजांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगोंडा. ज्या नावांना आजची मुले खेडवळ समजून लाजतात, त्यांत गावकारभाराचा मान दडलेला आहे.

‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, ‘अप्पा’ म्हणजे वडील, ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण. ही कन्नड नात्याची संबोधने आपल्याकडे नावेच बनून गेली. कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि पुढे 1937 मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले लठ्ठे यांचे नावच अण्णा होते. राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे थोर संशोधक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांच्या नावात तर पहिले आणि बाविसावे तीर्थंकर पुत्र व पिता म्हणून शेजारी आले आहेत.

नावातून पूर्वजांना जपण्याची रीत केवळ आपलीच नव्हे. नायजेरियातील योरुबा समाजात परंपरेने आठव्या दिवशी नामकरण होते. आजोबांच्या निधनानंतर जन्मलेल्या नातवाला ‘बाबातुंदे’ म्हणतात, म्हणजे ‘वडील परतले’. आजीमागून आलेल्या नातीला ‘येतुंदे’, ‘आई परतली’. पेठेतील आजींचे मन तिकडच्या आजीला न सांगता कळेल.

फिनलंडची कथा निराळी. तेथे ‘मत्तिला’ हे आडनाव म्हणजे मत्तीचे घर, ‘विर्तानेन’मध्ये ‘विर्ता’ म्हणजे प्रवाह. आपल्याकडील सदलगे किंवा कुरुंदवाडे यांप्रमाणेच ही आडनावे ठिकाणाची खूण सांगतात. तेथे अनेक घराण्यांनी स्वीडिश आडनावे धारण केली होती. विचारवंत स्नेलमन यांच्या जन्मशताब्दीस, 12 मे 1906 रोजी, हजारो लोकांनी ती सोडून आपल्या भाषेतील आडनावे घेतली. आपल्याकडे मात्र अर्थ असलेली नावे सोडून अर्थ ठाऊक नसलेली नावे घेण्याची घाई चालली आहे.

नवे नाव ठेवू नये, असा याचा अर्थ नव्हे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात नामकर्म हा संस्कार सांगितला आहे. जिनेंद्रांच्या 1008 नावांतून बालकाचे नाव निवडावे. त्यासाठी नावांच्या चिठ्ठ्या घड्यात घालून एक काढण्याचीही पद्धत तेथे आहे. एक हजार आठ नावांचे भांडार घरात असता नावांचा तुटवडा कसा पडावा? आजींचा ‘पारिसा’ आणि आईवडिलांना हवे असलेले सुटसुटीत नाव यांचा मेळ ‘पार्श्व’ या दोन अक्षरांत सहज बसतो. सुनेने सासऱ्यांचे नाव घेऊ नये, हा जुना संकोचही त्यात राहत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे करावे : पाचसहा पिढ्यांची नावे अर्थांसह एका वहीत उतरवून ठेवावीत. सांगणारी माणसे आज आहेत, उद्या नसतील.

तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. गुण असो वा नसो, व्यवहारासाठी दिलेली संज्ञा तो नामनिक्षेप. बारशाच्या दिवशी बालकाला एवढेच मिळते. शांतिनाथ नावाचा मनुष्य गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकावर संतापत असेल, तर त्याचे नाव अजून पाटीवरच आहे. नामापासून भावापर्यंतची वाट ज्याची त्याला चालावी लागते. मात्र आपल्या नावाचा अर्थ ठाऊक असलेल्या मुलाला निदान कोठे जायचे आहे, हे तरी कळते.