शिवारफेरीसारखी घरफेरी हवी

गुंठेवारीतल्या घराला तडा गेला, स्लॅब झिरपू लागला किंवा परसातले रोप जळून गेले, की कुपवाडचा घरमालक आधी शेजाऱ्याकडे जातो, अभियंत्याकडे नाही. याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून 1998 मध्ये एक महापालिका झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या शेतजमिनींचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जात होते. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसाला परवडेल एवढीच ती जागा. त्यावर आधी दोन खोल्या आणि पत्रा, मग काही वर्षांनी स्लॅब, मग जिना, अशी घरे उभी राहिली. गुंठेवारी नियमित करणारा कायदा 2001 मध्ये आला आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. म्हणजे घर आधी आणि कागद नंतर. ज्या घराचा नकाशाच गवंड्याच्या डोक्यात होता, त्या घराचे दुखणे कुणाला दाखवायचे? त्याच गवंड्याकडून घर बांधून घेतलेल्या शेजाऱ्यालाच. घरमालकांनी घरमालकांना दिलेला हा सल्ला आपल्या गावाची फार मोठी विनामूल्य तांत्रिक सेवा आहे. मात्र आपण ती फार ढिसाळपणे वापरतो. सल्ल्यासोबत त्याची तारीख, त्याचा खर्च आणि त्यातले फसलेले काय, हे सांगण्याची शिस्त लागली तर तिची किंमत अनेक पटींनी वाढेल.

शेजाऱ्याचा सल्ला मोलाचा ठरतो तो जमिनीमुळे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ओलाव्याचा हा चढउतार भारी काळ्या जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. पाया मुरमापर्यंत गेला नसेल, तर घर दरवर्षी किंचित उचलले जाते आणि किंचित खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा लांबी भरून रंगवला तरी पुढच्या वैशाखात पुन्हा दिसतो तो याचमुळे. भिंतीला खेटून मोठे झाड असेल तर मुळे त्या बाजूची ओल ओढून घेतात आणि घर एका अंगाला जास्त खचते. शोषखड्ड्याचेही तसेच आहे. मुरमाड जमिनीत तो पाणी जिरवतो, काळ्या चिकणीत पहिल्या मोठ्या पावसानंतर तुंबतो. आता मुरूम किती फुटांवर लागतो, हे एकाच गल्लीत दोन टोकांना वेगळे असू शकते. पुण्या-मुंबईच्या मासिकातला किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीतला कोणताही जाणकार ते सांगू शकत नाही. ज्याने पलीकडच्या प्लॉटवर पाया खोदला, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असते.

पण हे पाहिलेले सांगितले जाते कसे? ‘आम्ही अमके रसायन मारले, गळती थांबली.’ एवढ्यावर पुढचा माणूस पंधरा-वीस हजार रुपये घालून मोकळा होतो. रसायन मार्चमध्ये मारले आणि चौकशी मे महिन्यात झाली असेल, तर मधे पाऊसच पडलेला नसतो. गच्चीवर नवा कोबा घातला असे सांगितले जाते, पण जुना उखडला की त्यावरच घातला, उतार कुठल्या बाजूला दिला, कोपऱ्यात गोलावा घेतला का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. कंत्राटदाराला आपला माल खपवायचा असतो हे सगळे ओळखून असतात. शेजाऱ्याला तसा पैशाचा स्वार्थ नसतो, पण केलेला खर्च शहाणपणाचा ठरावा ही त्याची इच्छा असतेच. त्यामुळे यशाच्या गोष्टी गल्लीभर फिरतात, फसलेले प्रयोग रंगाखाली दडतात आणि तीच चूक पुढच्या दहा घरांत होते.

हे याहून चांगले होऊ शकते याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या तासगाव तालुक्यात द्राक्षाची बाग फुलली ती काही केवळ विद्यापीठाच्या शिफारशींवर नव्हे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाचे शेतकऱ्यांचे जाळे उभे केले. त्याची रीत साधी आणि कडक होती. प्रत्येकाने आपल्या बागेत प्रयोग करावा, पानांची, फुटव्यांची, पाण्याची मोजमापे ठेवावीत आणि मिळाले ते सगळे इतरांपुढे मांडावे. सल्ला देणारा आणि घेणारा दोघेही बागायतदारच. तास-ए-गणेश ही द्राक्षाची निवड याच तालुक्यात, शेतकऱ्याच्या बागेत झाली. दाभोळकरांनी हीच पद्धत परसबागेला आणि गच्चीलाही लावली. उसाचे चिपाड, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून माती तयार करण्याचे त्यांचे प्रयोग पुढे मुंबईच्या गच्च्यांपर्यंत पोहोचले. मला यात महत्त्वाचे वाटते ते मोजमाप. ‘भरपूर पाणी घातले’ आणि ‘दर चौथ्या दिवशी दोन बादल्या घातल्या’ यांतला फरक म्हणजे गप्पा आणि ज्ञान यांतला फरक. आजही द्राक्षवाला दुसऱ्याच्या बागेत शिवारफेरीला जातो तेव्हा आधी छाटणीची तारीख विचारतो. त्याच घरातला माणूस गावात प्लॉटवर राहायला आला की घराबाबत ही सवय विसरतो.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की शेजारी तज्ज्ञ नसतो. चालता येण्याजोग्या घरगुती गच्चीवर माणसे-सामानाचा जो भार भारतीय मानकांत धरला जातो, तो चौरस फुटाला साधारण 14 किलो भरतो. एक घनफूट ओल्या मातीचे वजन मात्र 45 किलोंच्या वर जाते. शेजाऱ्याने फूटभर मातीचा वाफा केला आणि त्याचा स्लॅब तरला, म्हणून आपलाही तरेल असे नाही, कारण आतली सळई दोघांनाही दिसत नाही. खांब, तुळई, मजला चढवणे, भिंत पाडणे आणि वीजजोडणी ही कामे शेजाऱ्याला विचारून करायची नाहीतच. आणखी एक मर्यादा अनुभवाच्या मुदतीची. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 च्या महापुरात पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, आणि ती खूण प्रमाण मानून ज्यांनी जोते उंच घेतले त्यांना 2019 मध्ये 57 फूट ओलांडणाऱ्या पाण्याने गाठले. कुपवाड नदीकाठापासून दूर असल्याने इथे ही खूण आठवत नाही, पण धडा तोच. क्वचित येणारे संकट गल्लीच्या आठवणीत मावत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली ती पिढ्यान्पिढ्या एकमेकांचे पाहून बांधलेल्या, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आणि जड माळवदांच्या घरांत. सगळे शेजारी एकमताने चुकू शकतात.

पण किल्लारीची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून मी ती आक्षेपाच्या बाजूला सोडून देणार नाही. भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांच्याच हाती दिले गेले. भिंतीत आरपार दगड का हवा, पट्टा कुठे बांधायचा, हे अभियंत्यांनी ठरवले. घरोघर ते समजावून सांगण्याचे, कामावर नजर ठेवण्याचे काम मात्र गावातल्या बायकांनी संवाद सहायक म्हणून केले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना उभे केले होते. 2001 मध्ये कच्छ हादरले तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या घरमालकिणींना आपला अनुभव सांगायला गेल्या. तज्ज्ञ आणि शेजारी यांच्यात निवड करायची नसते, हे महाराष्ट्राने तीस वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. हिशेब तज्ज्ञाचा, पडताळणी शेजाऱ्याची.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. घराची ओल चारचौघांत दाखवली तर लोक काय म्हणतील, उद्या घर विकायचे झाले तर भाव पडेल. ही भीती खोटी नाही. गुंठेवारीत तर तिला कागदाच्या अपुरेपणाची जोड असते आणि माणूस घराबद्दल बोलायलाच कचरतो. पण तडा गल्लीतल्या प्रत्येक घराला असेल तर तो एकट्याचा कमीपणा उरत नाही, जमिनीचा गुण ठरतो. आणि विकत घेणारा आज आंधळेपणाने पैसे मोजतो, उद्या तोच आपला शेजारी होतो.

म्हणून प्रत्येक वसाहतीत वर्षातून एकदा घरफेरी व्हावी. दहा-पंधरा घरमालकांनी, आणि बायकांनी आवर्जून, कारण ओलीशी रोजचा संबंध त्यांचाच, एकमेकांच्या घरी जाऊन पाच गोष्टी वहीत लिहाव्यात: मुरूम किती फुटांवर लागला, काय दुरुस्ती केली, कधी, किती खर्चात, आणि त्यानंतर किती पावसाळे गेले. परसातल्या झाडांची भिंतीपासूनची अंतरे आणि बोअरच्या पाण्याने कोणते रोप पिवळे पडले तेही त्यातच यावे. महापालिकेने गुंठेवारीचे प्रस्ताव घेताना पायाच्या खोलीचा एक रकाना वाढवला आणि प्रभागवार ती माहिती खुली केली, तर नव्याने बांधणाऱ्याचा पहिला खड्डा तरी अंदाजाने पडणार नाही. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना या फेरीत जोडता येईल, त्यांना प्रकल्प मिळेल आणि वहीला तपासनीस. फेरीचा काळ मात्र चुकवू नये. गौरी-गणपती उरकल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस ती व्हावी. तेव्हा भिंतींवरची ओल ताजी असते, आणि दिवाळीचा रंग अजून लागलेला नसतो.