जुन्या संगणकास नवा प्रोसेसर

संगणक मंद चालूं लागला, कीं तो टाकून नवा घ्यावा, असा सल्ला हल्लीं सर्वत्र मिळतो. सल्ला देणारा पुष्कळदां विकणाराच असतो, हें पालकांच्या ध्यानांत येत नाहीं. आमचें मत निराळें आहे. मेजावरील संगणकाचे भाग सुटे होतात, आणि गणनेचें मुख्य कार्य करणारा जो प्रोसेसर, तोही बहुधा खोबणींतून काढून बदलतां येतो. लॅपटॉपांत तो प्रायः बोर्डासच डाख देऊन जोडलेला असतो. तेथें आमचें म्हणणें लागू नाहीं. परंतु मेजावरील धडधाकट यंत्र ही सोय असतांना भंगारांत घालणें हा आम्हांस अपव्यय वाटतो.

मोघम बोलण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं. इंटेल कंपनीनें २०११ सालीं ११५५ पिनांच्या सॉकेटांत बसणारे प्रोसेसर बाजारांत आणिले; २०१२ सालीं त्याच सॉकेटासाठीं पुढील पिढी आली. त्या काळच्या एच६१ जातीच्या मदरबोर्डावर आय३-२१०० हा प्रोसेसर असेल, तर त्यांत गणना करणारे दोन कोअर असतात. त्या जागीं आय५-३४७० बसविला, तर चार कोअर मिळतात. आय७-३७७० बसविला, तर चार कोअर एकाच वेळीं आठ कामें हातीं घेतात. हे प्रोसेसर आतां नवे निघत नाहींत, जुन्या बाजारांतच शोधावे लागतात. वापरलेली हार्ड डिस्क घ्या, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं, कारण तिचे फिरणारे भाग झिजतात. प्रोसेसरांत हलणारें असें कांहींच नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या हातचा प्रोसेसर, चालवून दाखविल्यास, घेण्यास फारशी हरकत नसावी.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत येथें कोणी आम्हांस ऐकवील. आमच्या मतें तो आमच्याच बाजूनें बोलतो. ठिगळ त्या वस्त्राला साजेल असेंच हवें. ११५१ पिनांचें सॉकेट २०१५ सालीं सहाव्या पिढीबरोबर आलें व सातव्या पिढीसही चाललें. पुढें २०१७ सालीं आठव्या पिढीलाही पिना ११५१च ठेविल्या, पण त्यांची विद्युत्-जोडणी बदलली. परिणाम असा, कीं आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर नीट बसतो, परंतु सामान्यतः यंत्र सुरूच होत नाहीं! एएमडी कंपनी याबाबतींत अधिक उदार दिसते. तिनें २०१७ सालीं ज्या एएम४ सॉकेटासाठीं रायझन प्रोसेसर काढिले, त्याच सॉकेटासाठीं २०२२ सालींही नवे प्रोसेसर दिले. तात्पर्य, मदरबोर्डावरील नांव वाचावें, तो करणाऱ्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि मगच पैशाची पिशवी सोडावी.

त्याहीपूर्वीं रोग प्रोसेसराचाच आहे काय, हें तपासणें अवश्य आहे. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून काम चालू असतां पाहावें. प्रोसेसराचा आंकडा शंभर टक्क्यांस भिडून राहत असेल, तर बदल उपयोगी पडेल. प्रोसेसर स्वस्थ व डिस्क मात्र शंभर टक्के, असें दिसल्यास जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घालावी. चार जीबी रॅम सदा भरलेली असल्यास ती वाढवावी. या दोन उपायांनींच यंत्र पुष्कळदां इतकें सुधारतें, कीं प्रोसेसराचा विचारही मागें पडतो.

बदलण्याचें काम विद्यार्थ्यांनींच करावें, मात्र जाणत्या वडील माणसाच्या देखरेखीखालीं, असें आम्ही आग्रहानें म्हणतों. कांहीं पालक मुलास यंत्रास हात लावूं देत नाहींत. अशानें तो बटण दाबण्यापलीकडे काय शिकणार? क्रम मात्र चुकूं नये. तिसऱ्या पिढीसाठीं पुष्कळ एच६१ बोर्डांचा बायॉस नवा करावा लागतो. तें काम जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच उरकावें, कारण मागाहून यंत्र चालूच होणार नाहीं. मग वीज तोडावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी, पंखा काढावा व सॉकेटाचा दांडा उचलावा. तेथील पिना केसासारख्या बारीक असतात. एखादी वांकली, तर बोर्ड निकामी होण्याचें भय असतें. प्रोसेसराच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटाच्या खुणेशीं जुळवून तो नुसता अलगद ठेवावा, दाबूं नये. वर वाटाण्याएवढी उष्णतावाहक पेस्ट घालून पंखा बसवावा. आय३-२१०० साठीं ६५ वॅट उष्णता गृहीत धरलेली आहे, वरील दुसऱ्या दोहोंसाठीं ७७ वॅट. म्हणून धुळीनें भरलेला जुना पंखा तसाच लावणें बरें नव्हे.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ च्या मान्य यादींत इतक्या जुन्या पिढ्या नाहींत. प्रोसेसर बदलून ही अडचण टळत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स घालणें आम्हांस श्रेयस्कर वाटतें. तें विनामूल्य मिळतें, त्यावर देवनागरी लिहितां येतें, आणि शाळेचे निबंध व कोष्टकें लिबरऑफिसमध्यें उत्तम होतात. पण ज्या घरीं वडिलांचे हिशेब त्याच संगणकावर टॅलीसारख्या विंडोजच्या कार्यक्रमांत चालतात, त्यांनीं या जुन्या बोर्डासाठीं प्रोसेसर घेऊं नये. तो पैसा नव्या यंत्राकडे ठेवावा.