शाळेचा निरोप आजीपर्यंत

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा गावात छोटासा सोहळाच असतो. दाराला तोरण, नव्या मुलांचे औक्षण, हातात फूल आणि पुस्तकांचा संच. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही भरू लागले आणि पहिलीत येणाऱ्या मुलाला काय येते, काय येत नाही, हे आईला शाळेच्या अंगणातच समजू लागले. हे सारे चांगलेच आहे. परंतु पाथरी तालुक्यातील पुष्कळ घरांची खरी कसोटी जूनमध्ये नसते. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते, त्या सकाळी ती असते. जूनमध्ये आई-वडील पेरणीच्या गडबडीत का होईना, पण गावात असतात. दुसरे सत्र उघडते तेव्हा मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आलेली असते ती आजी.

कारण तुम्हांला ठाऊकच आहे. जायकवाडीच्या कालव्याच्या पाण्यावर आपल्याकडेही ऊस उभा असतो, कारखानेही आहेत. तरी परभणी जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट बेळगावकडचा रस्ता धरतात. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ सबंध त्यात जाते. काही मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि बरीचशी आजी-आजोबांच्या पदरात येतात. आजचे हे पत्र त्या आजी-आजोबांसाठी आहे. मुलगा पुण्याला कंपनीत आणि नातू गावी, अशी घरेही आता थोडी नाहीत. त्यांनाही हे तितकेच लागू पडेल.

गेल्या वर्षी भेटलेल्या एका आजींची हकिकत सांगतो. गाव आणि शाळा कोणती, हे महत्त्वाचे नाही. होळीच्या आधी दप्तर धुवायला काढले तेव्हा तळाशी चार घड्या घातलेला एक कागद त्यांना सापडला. त्या तो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, हे दप्तरात गवसलं बघा. पोरगं काई बोललं न्हाई.” डिसेंबरमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. दुसरीतल्या त्या मुलाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बराच कमजोर असल्याचे तपासणीत आढळले होते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असे त्या चिठ्ठीवर लिहिले होते. शिक्षकांनी आपल्या परीने आणखी एक काम केले होते, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला होता. वडिलांनी तो वाचलाही होता, सांगलीकडच्या एका फडावर, रात्री गाडी भरून झाल्यावर. गावी गेल्यावर बघू, असे त्यांनी मनाशी ठरवले. आजींना यातले काहीच ठाऊक नव्हते. मुलगा फळ्यावरचे लिहून घेत नाही म्हणून त्या बिचाऱ्या त्यालाच रागे भरत होत्या.

अशा कमजोर डोळ्याला बोलीत आळशी डोळा म्हणतात. तो डोळा आळशी नसतो. दिसणारा डोळा सारे काम करतो, म्हणून मेंदू दुसऱ्या डोळ्याकडून आलेले चित्र बाजूला टाकायला शिकतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, हा त्यावरचा साधा उपचार. तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर फार चांगला लागू पडतो. पुढे यश कमी होत जाते. दप्तराच्या तळाशी गेलेले तीन महिने या हिशेबात थोडे नव्हेत.

या हकिकतीत वाईट कोणीच नाही, हेच मला अधिक अस्वस्थ करते. शिक्षकांनी निरोप दिला, वडिलांना तो मिळाला, मुलाने कागद जपून ठेवला. फक्त मूल ज्यांच्या घरी जेवते आणि झोपते, त्यांना तो मिळाला नाही. शाळेच्या नोंदवहीत मोबाइल क्रमांक असतो तो वडिलांचा. फडावर खोपीत राहणाऱ्या माणसाचा फोन कधी चार्ज असतो, कधी नसतो. आणि दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणाऱ्या शाळेला घरोघरी जाऊन निरोप सांगणे कसे जमावे? तेव्हा पाऊल आपणच उचलायला हवे.

“आम्ही कुठले पालक, पालक तर ते तिकडे गेलेत,” असे बरेच आजी-आजोबा म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आई-वडिलांबरोबर ‘पालक’ म्हणून ती व्यक्तीही येते, जिच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेत जाऊन विचारपूस करणे म्हणजे कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे. शाळा मराठी माध्यमाची असो की उर्दू माध्यमाची, जिल्हा परिषदेची असो की खाजगी, ही गोष्ट बदलत नाही.

दुसरे सत्र उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. गेल्यावर एवढेच सांगा की, हंगाम संपेपर्यंत मूल माझ्याकडे आहे, माझे नाव आणि फोन क्रमांक वहीत लिहून घ्या. तुमच्याकडे बटणांचा साधा फोन असेल तर ते स्पष्ट सांगा. व्हॉट्सॲपवरचा निरोप तुमच्यापर्यंत येणार नाही, महत्त्वाचे असेल तेव्हा फोनच करावा लागेल. फोनच नसेल तर शेजारचा किंवा किराणा दुकानदाराचा क्रमांक त्यांना विचारून द्या. ऐकायला कमी येत असेल तर तेही लाजू नका, सांगून टाका. मी तर म्हणेन, एक चाळीस पानी वही केवळ निरोपांसाठी ठेवावी. शिक्षक तिच्यात लिहितील आणि तुम्ही शेजारच्या सातवी-आठवीतल्या मुलीकडून वाचून घेऊन खाली सही किंवा अंगठा कराल. दप्तर मात्र रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने उघडायचे. मुले कागद लपवत नाहीत, विसरतात.

आता विचारायचे काय, ते पाहू. पहिले जेवण. शाळेतील पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा हा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा झाला. ‘शाळेत मिळतेच की’ म्हणून सकाळी नुसत्या चहा-बटरवर मूल पाठवणे त्यामुळे बरे नाही. ज्वारीची अर्धी भाकरी आणि वरण, किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि दूध, एवढे पोटात असले की दुपारपर्यंत मुलाचे लक्ष अभ्यासात राहते. शाळेत तो पोटभर जेवतो की ताटात टाकतो, हे शिक्षकांना विचारा. शिजवलेले अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून पाहायचे असते. एखाद्या दिवशी जाऊन तुम्हीही चाखा. मीठ-तिखटाबद्दल आजीच्या जिभेइतका भरवशाचा अभिप्राय दुसरा कोणता असणार!

दुसरे म्हणजे गोळ्या. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी असते. दहा वर्षांपुढे ती निळी होते. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. तिच्यामुळे शौच काळपट होते, घाबरू नये. गोळीच्या आगेमागे चहा मात्र देऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. जंतांची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास देतात. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर राहिलेल्या मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो, तो विचारून घ्या. त्या दिवशी मूल तापलेले असेल तर शाळेला आधी सांगा. कोणती गोळी कोणत्या वारी देतात, हे तुम्हांला माहीत असले म्हणजे पोट दुखले किंवा मळमळले की तर्क लढवत बसावे लागत नाही.

गोळ्यांवरून एक गोष्ट आठवली, ती जरा विस्ताराने सांगतो. शाळेत गोळी घेण्याची सवय झालेल्या मुलाला गोळी म्हणजे काही अप्रूप वाटत नाही. आणि तुमच्या उशाशी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या असतात. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या अशा आहेत, की त्यांतली एकच लहान मुलाच्या पोटात गेली तरी त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लोहाच्या गोळ्याही मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततात. तेव्हा औषधांचा डबा फळीवर, झाकण घट्ट. गोळ्यांना गोड खाऊ म्हणून मुलाला कधीही फसवू नका. चुकून काही खाल्लेच तर उलटी करवण्याच्या नादी न लागता गोळ्यांची पाकिटासकट पट्टी घेऊन सरळ दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.

तिसरे, तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात डॉक्टरांचे फिरते पथक शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासते. डोळे, कान, दात, हृदय, रक्ताची कमतरता, सारे पाहते आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवते. पथक आले होते का, आमच्या मुलाबद्दल काही लिहिले आहे का, एवढे दोन प्रश्न दर महिन्याला विचारायला हरकत नाही. पाच-सहा वर्षांच्या वयातला बूस्टर डोस आणि दहाव्या वर्षीची लस झाली का, हे आशाताई सांगतील. लसीकरणाचे कार्ड मात्र घरात हवे. कैक घरांत ते आईच्या पत्र्याच्या पेटीत असते आणि किल्ली आईबरोबर फडावर गेलेली असते. आई-वडील निघण्यापूर्वीच हे कार्ड आणि आधारची प्रत मागून ठेवा.

बाकी दोन-तीन गोष्टी थोडक्यात. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय आहे. झोप पुरी व्हावी म्हणून तो घेतला गेला, तेव्हा मुलाला रात्री टीव्हीसमोर बसवून तो वाया घालवू नका. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ अपेक्षित नाही. शिकवता येत नाही म्हणून पहिलीच्या नातवापुढे खंत करण्याचे कारण नाही. त्याला गोष्ट सांगा, बाजारहाटाचे हिशेब तोंडी करायला लावा.

निरोप शाळेकडून घरी यावा तसा तो घरून शाळेतही जायला हवा. पहिले दोन-तीन आठवडे मूल रात्री अंथरूण ओले करते, सकाळी नेमके शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते, किंवा अगदीच गप्प होते. हे ढोंग नव्हे. आई गेल्याचे दुःख लहान मुलाच्या पोटातून बोलते. शिक्षकांना हे माहीत असेल तर ते त्याला पुढच्या बाकावर घेतील, चार शब्द बोलतील. माहीत नसेल तर ‘अभ्यास टाळतो’ असा शेरा बसेल. अशा वेळी दररोज ठरलेल्या वेळेचा एक फोन औषधाचे काम करतो. फडावर रात्री उशिरापर्यंत काम चालते, त्यामुळे वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. त्या फोनवर पैसा-अडका नंतर. आधी मुलाने आज शाळेत काय झाले ते आईला सांगायचे. आणि शिक्षकांनी काय सांगितले, ते तुम्ही. मुलासमोर उचलीची आणि कर्जाची बोलणी होऊ नयेत, एवढे पथ्य कडक पाळा.

तुमच्या तब्येतीचेही शाळेला ठाऊक असू द्या. तुम्हांला चक्कर आली, रुग्णालयात जावे लागले, तर मूल शाळा सुटल्यावर कोणाकडे जाईल, त्या नातलगाचे नाव आणि क्रमांक आधीच लिहून देऊन ठेवा. आणि तुमचे गुडघे रोज ने-आण करू देत नसतील तर गल्लीतल्या दोन-तीन घरांनी वार वाटून घ्यावेत. मुले एकत्र जातात, म्हातारी माणसे आळीपाळीने.

मूल गावात ठेवण्याऐवजी आई-वडील हंगामाच्या मध्येच त्याला फडावर न्यायचे म्हणाले, तर निदान शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय पाठवू नका. ते दाखवले की तिकडच्या शाळेत त्याला बसता येते, आणि परत आल्यावर इथलीही शाळा सुटत नाही.

त्या आजींचा नातू आता चष्मा लावतो. रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टीही असते. पट्टी बांधायची वेळ आजींनी स्वतःच ठरवली आहे, त्यांची मालिका सुरू होण्याआधीची. यंदा दिवाळीनंतर शाळेत जाताना त्यांनी मुलाचे कार्ड आणि आधारची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली. शिक्षकांनी वहीत सही करायला सांगितली तेव्हा मात्र थोडी पंचाईत झाली, कारण त्या स्वतःचाच चष्मा घरी विसरल्या होत्या. तुम्ही जाल तेव्हा तेवढा बरोबर घ्या.