आठवडे मोजले; गल्ला कोणी मोजला?

पालीहून महाविद्यालयात जाता-येता आम्हा दोघांत सध्या एकच वाद चालू आहे. निमित्त आहे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेचे. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘सैराट’ (२०१६) यांच्या लोकप्रियतेची तुलना तिला करायची होती. पहिल्यासाठी तिच्या हाती लागले पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहातील १३१ आठवडे. दुसऱ्यासाठी शंभर कोटींच्या घरातला गल्ला. एका पारड्यात काळ, दुसऱ्यात पैसा. तराजू हलणार कसा?

मराठी चित्रपटाचा इतिहास आपण आठवड्यांत मोजत आलो. ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव केले, हे आपण वर्गात अभिमानाने सांगतो. पण आठवडे केवळ एका पडद्याविषयी बोलतात. रोज खेळ किती, आसने किती, दर काय, हे ते सांगत नाहीत. शिवाय महोत्सव ही स्वतःच एक जाहिरात असे. आजचे कोटींचे आकडेही निर्मळ नव्हेत. एकूण विक्री, करवजा उत्पन्न आणि वितरकाचा वाटा या तीन वेगळ्या गोष्टी वृत्तपत्रांत सर्रास एकाच नावाने वावरतात.

मग विश्वसनीय साधन कोणते? आमच्या मते करमणूक कर. १९२३ च्या कायद्याने मुंबई प्रांतात तो सुरू झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला. विकलेल्या तिकिटांचा हिशेब चित्रपटगृहाला सरकारदरबारी द्यावा लागे. जाहिरातीत आकडा फुगतो, तर कर चुकवण्याच्या मोहाने हिशेबात तो आक्रसतो. दोन्ही समोर असले, तरच सत्य कुठे असावे याचा अदमास येतो. म्हणजे आपल्या संशोधनाचे दप्तर चित्रपट संग्रहालयाइतकेच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या महसुली फडताळात आहे. कर संपला, आता त्या कागदांची प्रशासनाला गरज नाही. गरज संपलेले कागद फार काळ टिकत नाहीत.

आणखी एक अडचण नकाशाची. वितरणाचे प्रदेश आजच्या राज्याशी जुळत नाहीत. मुंबई प्रदेशात गुजरातही येतो, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, तर मराठवाडा निजाम प्रदेशात मोजला जातो. भाषावार राज्ये झाली, तरी गल्ल्याचा भूगोल जुनाच राहिला. त्यामुळे ‘महाराष्ट्रातील एकूण उत्पन्न’ हा आकडा आयता मिळत नाही, तो जुळवावा लागतो. आमच्या पालीचा प्रेक्षक भाईंदरला गेला तर ठाणे जिल्ह्यात मोजला जाईल आणि बोरिवलीला गेला तर मुंबई उपनगरात. त्याची आवड मात्र एकच.

साहित्याच्या अभ्यासकाने गल्ला का मोजावा, असा आक्षेप येईल. अभिरुची आकड्यांत मावत नाही, हे आम्हालाही मान्य. परंतु ‘लोकप्रिय’ हे विशेषण आपण प्रश्नपत्रिकेत बिनदिक्कत वापरतो, तेव्हा त्यामागचे लोक किती, हे विचारण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही सुचवले: तुलना सोड, एक चित्रपटगृह घे, एक वर्ष घे. हिशेबाच्या वह्या, जुनी तिकिटे, वृत्तपत्रांतील जाहिराती एकत्र मांड. बंद पडलेल्या चित्रपटगृहाचे सामान रद्दीत जाण्यापूर्वी त्या दारात कोणीतरी विद्यार्थी पोहोचायला हवा. तो आपल्या विभागाचा असावा, एवढीच आमची इच्छा.