शरीराची स्मरणशक्ति

अंबाजोगाईचें नांव आमच्या वाचकांस योगेश्वरीमुळें परिचित आहे. कोंकणांतील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी. शिवाय मराठीचे आद्यकवि म्हणून ज्यांस मान देण्याची परंपरा आहे, त्या मुकुंदराजांची समाधीही तेथेंच. परंतु त्याच गांवीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें चालणारें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे यात्रेकरूंचें लक्ष क्वचितच जातें. अन्य वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणें तेथेंही सूक्ष्मजीवशास्त्राबरोबर रोगप्रतिकारशास्त्राचे पहिले धडे दिले जातात. हे धडे केवळ भावी डॉक्टरांपुरतेच कां असावेत? ज्या घरांत तान्हें मूल आहे, त्या घरांतील वडील मंडळींसही ते ठाऊक असणें इष्ट आहे, असें आम्हांस वाटतें.

शरीराचें संरक्षण दुहेरी असतें. पहिली व्यवस्था जन्मजात. त्वचा, नाकाघशांतील ओलसर आवरण आणि जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी हे तिचे पहारेकरी. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें 1882 सालीं तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत कांटा टोंचला, तों दुसऱ्या दिवशीं त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यास दिसला. ही व्यवस्था तत्पर खरी. परंतु काल येऊन गेलेला शत्रु आज पुन्हां आला, तर ती त्यास फारसा ओळखीत नाहीं.

ओळख ठेवण्याचें काम दुसऱ्या, संपादित व्यवस्थेचें. लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशींपैकीं प्रत्येकीस एखादीच आकृति ओळखतां येते. ती आकृति धारण करणारा जंतु भेटला कीं त्या पेशीची संतति वाढूं लागते. कांहीं प्रतिपिंडें निर्माण करतात, कांहीं रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, आणि थोड्या स्मृति जतन करीत मागें राहतात. पहिल्या भेटीच्या वेळीं या तयारीस आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसऱ्या भेटीस ती फार लवकर व अधिक जोरानें होते. लस म्हणजे रोगावांचून करून दिलेली ही पहिली भेट होय. आजी-आजोबांच्या दंडावरील देवीचा व्रण त्याच भेटीची खूण. आणि त्या खुणेच्याच बळावर देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें 1980 सालीं जाहीर करतां आलें.

उसनें संरक्षण मात्र टिकत नाहीं. शेतांत सर्पदंश झालेल्या मनुष्यास देतात तें औषध म्हणजे घोड्याच्या शरीरांत तयार झालेलीं प्रतिपिंडें. तीं प्राण वाचवितात, पण कांहीं आठवड्यांत संपून जातात. आईकडून गर्भांत मिळालेलें संरक्षणही असेंच कांहीं महिन्यांनीं ओसरतें. तें शिल्लक असतां गोवराची लस नीट लागूं पडत नाहीं. म्हणून पहिली टोंचणी नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तरीही त्या वयांत शंभरांपैकीं सुमारें 85 मुलांसच तिचा उपयोग होतो. उरलेल्या पंधरा मुलांसाठीं 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरी टोंचणी असते.

“गोवर कोणास चुकला आहे? येऊन गेला म्हणजे मूल सुटलें,” असें अद्याप कांहीं घरांतून ऐकूं येतें. हा समज घातक आहे. लस न टोंचलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वीं व गोवरानंतर तपासणी करून 2019 सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत गोवरानें इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकीं 11 ते 73 टक्के नाहींशीं केल्याचें आढळलें. म्हणजे मूल बरें झालें, तरी त्याच्या शरीरानें मिळविलेली विद्या पुसली जाते. लसीनें असें कांहीं होत नाहीं.

येथें बीड जिल्ह्याची एक व्यथा सांगितली पाहिजे. दसरा झाला कीं तेथील लक्षावधि माणसें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पतिपत्नीच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. कोयत्याबरोबर तान्हें मूलही फडावर जातें आणि कारखान्याजवळच्या कोपींत राहतें. पहिली टोंचणी पाटोद्यास अथवा केजला झालेली. दुसरीचे दिवस येतात तेव्हां गांव दूर, पहांटेपासून तोडणी, आणि एक दिवस मोडला तर मजुरी बुडणार. अशा आईस निष्काळजी म्हणणें अन्यायाचें होईल.

शिवाय ही उणीव तिच्या कोपीपुरती राहत नाहीं. गोवर इतका संसर्गजन्य आहे कीं शंभरांतील सुमारें 95 जण सुरक्षित असल्यावांचून त्याची सांथ अडत नाहीं. ज्या तान्ह्याचें टोंचणीचें वय अद्याप झालेलें नाहीं, त्याचें रक्षण शेजारचीं मुलेंच करीत असतात, मग तें वाड्यांत असो वा कोपींत. 2022 सालीं मुंबई व मालेगांव येथें उद्भवलेल्या सांथीनें हें पुन्हां दाखवून दिलें.

आमच्या अनेक वाचकांचीं घरें साखर कारखान्यांच्या परिसरांत आहेत. टोळी आपल्या गांवीं उतरली म्हणजे घरांतील एखाद्या जाणत्या स्त्रीनें कोपीवर जाऊन मुलाचें लसीकरणाचें कार्ड पाहावें. बीडचें मूल असलें तरी कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रांत त्यास विनामूल्य टोंचणी मिळते, हें त्याच्या आईस सांगावें. आणि जमल्यास तिच्यासोबत केंद्रापर्यंत जावें. शरीर एकदां शिकलेलें ध्यानांत ठेवतें. त्यास वेळेवर शिकविण्याची आठवण मात्र माणसांनींच ठेवावयाची असते.