ग्रामसभेत एकट्याला उभं करू नका

हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवरच्या सर्वांना कळकळीचं आवाहन.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली आहे. द्राक्षाची छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडच्या बागांकडे टोळ्या निघतील आणि पाड्यावर म्हातारेकोतारे नि गुरंढोरं राहतील. गावाच्या पैशाचा हिशेब विचारायचा तर तो त्याआधीच.

पंचायतीने पैसा कशावर खर्च केला याचा दाखला, आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे, ग्रामसभेने द्यायचा असतो. साहेबाने नव्हे, तुम्ही-आम्ही. बंधारा कागदावरच असेल आणि आपण गप्प बसून अंगठा उमटवला, तर तो खोटा दाखला आपलाच ठरतो.

मग माणसं बोलत का नाहीत? ठेकेदाराची भीती असतेच. पण खरी अडचण घरातली आहे. हजेरीपट वाचला जातो आणि त्यात आपल्याच चुलतभावाचं नाव निघतं, जो त्या कामावर एक दिवसही गेलेला नाही. कुणी चार पैशांसाठी आपलं बँकखातं वापरायला दिलेलं असतं. लबाडी दुसऱ्याची असली की बोलणं सोपं. आपल्या ओटीवर आली की जीभ टाळ्याला चिकटते.

एकट्याने खरेपणा निभावण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. एवढा मोठा अधिकारी, तरी त्या क्षणी एकटा पडला. त्याच्या वर्षभर आधी, १३ जानेवारी २०१० ला, पुण्याकडच्या तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकाराचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. अशा माणसांना आपण नंतर हार घालतो. त्यापेक्षा आधी शेजारी उभं राहिलेलं बरं.

म्हणून आमची मागणी धाडसी माणूस शोधा, अशी नाही. धाडस वाटून घ्या, अशी आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज एकाच्या नावाने टाकू नका. तोच अर्ज दहा घरांनी आपापल्या नावाने टाकावा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. दहा अर्जदारांना धमकावायला दहा दारं वाजवावी लागतात. सभेत एकाने प्रश्न विचारला की त्याच्या मागच्या ओळीने उठून उभं राहावं. बोलता आलं नाही तरी चालेल. कोऱ्या पानावर सही-अंगठा देऊ नका. “ठराव मागाहून लिहू” असं कुणी म्हटलं तर सांगा, आत्ताच लिहा, मोठ्याने वाचा, आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारा. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आणि ज्याने स्वतःचं खातं वापरायला दिलं होतं, तो सभेत उठून “माझ्या नावावर पैसे आले, मी काम केलेलं नाही” असं म्हणाला, तर त्याला हसू नका. हे बोलायला ठेकेदाराशी भांडण्याहून जास्त छाती लागते. सत्य सांगितलं म्हणून कुणाला वाळीत टाकू नका. लग्नाकार्याला बोलवायचं थांबवू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा नसता तरी आपल्याला ते शोभलं नसतं.

बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. पाणी कुठवर आलं, अंगणवाडीत खाऊ काय मिळतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तिथेच ठराव करा आणि ग्रामसभेत तो वाचायला लावा.

ठराव वाचून होईपर्यंत कुणीही उठू नये. बागेच्या मुकादमाने घाई केली तर सांगा, गाडी उद्या सोड.