आधी श्वास, मग हिशेब

सर्व्हर बंद पडला की आम्ही इंजिनिअर आधी तो चालू करतो. चूक कोणाची, हे नंतर बघतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो.

मी बोस्टनजवळ राहतो. इथे हेरॉइन किंवा फेंटानिलचा डोस जास्त होऊन अनेकांचा श्वास थांबतो. त्यावर उतारा आहे: नालोक्झोन. नाकात फवारा मारला की दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. बऱ्याचदा अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोलीस किंवा अग्निशमन दल पोहोचते, म्हणून औषध त्यांच्याच गाडीत हवे. जवळच्या क्विन्सी शहराच्या पोलिसांनी ते २०१० पासूनच सोबत ठेवायला सुरुवात केली.

अडचण पैशांची होती. मागणी वाढली तसा भावही चढला. शिवाय औषधाची मुदत संपते, साठा पुन्हा भरावा लागतो. लहान गावाच्या अंदाजपत्रकाला हे कसे झेपणार? २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने नगरपालिकांसाठी एकत्रित खरेदीचा निधी उभारला. राज्य घाऊक भावाने घेते आणि गावे त्याच भावात आपापल्या गरजेपुरते मागवतात. दरवाढीवरून एका उत्पादक कंपनीशी झालेल्या समझोत्यातून आलेले ३ लाख २५ हजार डॉलरही राज्याने याच कामी लावले.

एकत्र खरेदीची ताकद कॅलिफोर्नियातही दिसली. २०२३ मध्ये दोन डोसांचे पाकीट दुकानात सुमारे ४५ डॉलरला आले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने आपल्या योजनेतून तसेच पाकीट २४ डॉलरला उपलब्ध केले.

"व्यसनी माणसावर करदात्यांचा पैसा कशाला?" नवीन आलो तेव्हा मीही हेच विचारले होते. आज मला तो प्रश्न निर्दय वाटतो. नालोक्झोन व्यसन सोडवत नाही. त्याचा परिणाम तासा-दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णाला दवाखान्यात न्यावेच लागते आणि पुढे उपचारही द्यावे लागतात. पण उपचार जिवंत माणसावरच होतात.

ओपिऑइड कंपन्यांकडून तडजोडीपोटी ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम राज्यांना आणि स्थानिक संस्थांना टप्प्याटप्प्याने मिळायची आहे. त्यातला पहिला वाटा या औषधाला मिळाला पाहिजे.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे शिक्षण-नोकरीसाठी इथे आहेत, त्यांना मत देता येत नसेल. तरी नगर परिषदेच्या खुल्या सभेत जाऊन बसता येते. जा, आणि आपल्या गावाच्या अंदाजपत्रकात या औषधासाठी किती रक्कम आहे ते पाहा. राहतो त्या गावाचे आपणही काही देणे लागतो.